परातीतला ट्रक

"हौसा, तिथंच थांब. पाय टाकू नकोस. आरसा पडलाय."

"कसला आरसा?"

"गाडीचा."

मी ताकाचं भांडं हातात धरून दारातच उभी राहिले. आमचे मालक बाजेवर उशीला टेकून बसले होते. मांडीवर पितळेची परात, नाकावर चष्मा, हातात नेलकटर. परातीत ट्रक होता, पण अजून तो ट्रक झालेला नव्हता. चाकं एकीकडं, दारं एकीकडं, इंजिनाचे तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे. मी खाली बसून तांदळातले खडे वेचावेत तशी जमीन वेचली, तेव्हा बाजेच्या पायाशी तो आरसा सापडला. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान.

"हा घ्या. ह्यात कुणी तोंड बघायचं? मुंगीनं?"

"बघायचं न्हाय. असावा लागतो," ते म्हणाले आणि चिमट्यानं तो उचलून परातीच्या काठाशी ठेवला.

तो खोका आमच्या जावयानं पुण्याहून आणला होता. वर परदेशी ट्रकचं चित्र, लांब नाकाचा, निळा आणि पांढरा. आत प्लास्टिकच्या जाळ्या आणि जाळ्यांना चिकटलेले तुकडे. ते खुडायचे, घासायचे, एकमेकांना चिकटवायचे आणि मग रंगवायचे. रंगाच्या इवल्या बाटल्याही जावई घेऊन आला होता. "मामा, तुमचे हात रिकामे राहू देऊ नका," असं म्हणाला आणि खोका त्यांच्या उशाशी ठेवून गेला.

शहाणा जावई. मालकांचं सगळं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं होतं. लोणंदच्या आसपासच्या गावांत दौलत ड्रायव्हर म्हटलं की लहान पोरही आमचं घर दाखवायचं. पुढं कंबर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. गाडी विकली आणि हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला. खोका आला आणि ते उठून बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस बरंच वाटलं.

ट्रक झाला, अगदी खोक्यावरच्या चित्रासारखा. निळं नाक, पांढरा पट्टा. शेजारची गोदाक्का बघायला आली.

"दौलतराव, आता हिला बसवून पंढरी-जेजुरी करा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

मालक हसले नाहीत. ट्रक त्यांनी समोरच्या खिडकीत ठेवला आणि येता-जाता त्याच्याकडं बघत राहिले. एक दिवस म्हणाले, "ही गाडी खोटी वाटतीय."

"प्लास्टिकची हाय. खोटीच असायची."

"तसं न्हवं. स्टेरिंग बघ, उलट्या अंगाला. आन् असला निळा ट्रक तू रस्त्याला कवा बघितलास?"

त्यांनी सुई दिव्यावर तापवली, स्टेरिंग कापून काढलं आणि उजव्या बाजूला बसवलं. नाक तेवढं कापता येईना, ते राहिलं. मग पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन निळा रंग घासायला लागले. परातीत निळी पूड पडत होती. मी विचारलं, "आता कुठला रंग?"

"बघशील," ते म्हणाले.

बघितला. केबिन वाळली तेव्हा गेरूसारखी लाल होती. दुसऱ्या दिवशी हौदा हिरवा झाला. कपाळावरची पट्टी त्यांनी कोरी ठेवली होती. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तिथून तो ट्रक दिसला आणि माझा हात थांबला. लाल केबिन, हिरवा हौदा, विकलेल्या गाडीचेच रंग. ती तुळसाची गाडी होती.

तुळसा म्हणजे माझी सवत. मी तिला कधी पाहिलं नाही. मी या घरात यायच्या आधी दोन वर्षं ती बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. मी दुसरेपणावर आले. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालतात. चांदीचा चपटा तुकडा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली, अंगठ्याच्या नखाएवढी. मंगळसूत्राच्या शेजारी तीही लोंबत असते. नवं लुगडं घेतलं की आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास तिचा. हळदीकुंकवाचं पहिलं बोट तिला. असं केलं नाही तर ती रुसते, घरात आजारपणं आणते, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सांगायच्या. मी सतरा वर्षांची होते. सांगितलं ते करत गेले.

लग्न लागल्यावर मला या घरी आणली तीही ट्रकमधूनच. केबिनमध्ये डावीकडं मी, उजवीकडं हे. वऱ्हाड मागं हौद्यात. हे कितीतरी वेळ बोलले नाहीत. घाट लागायच्या आधी माझ्याकडं न बघताच म्हणाले, "दार धरून बस. वळणावर उघडतं."

नवरा माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. मी दोन्ही हातांनी दार धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. हात आखडले होते. पण त्या वाक्याचं मला फार अप्रूप होतं. कुणी विचारलं, नवरा काय बोलला गं पहिल्यांदा, तर मी सांगत नसे. ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गोदाक्का म्हणाली, "डोक्यावर सवत घेऊन आलीस म्हण की गं."

"म्हंजी?"

"गाडीच्या कपाळाला नाव कुणाचं हाय? तुळसा! आन् तिच्या खाली बसून तू आलीस."

मला वाचता येत नव्हतं. माझ्या लेखी ती पिवळ्या रंगाची वेटोळी होती, नक्षी असेल असं वाटलं होतं. त्या दिवसापासून मी गाडीच्या कपाळाकडं बघणं सोडलं. आणि आणखी एक केलं. गाडीत बसायची वेळ आली की टाक मानेमागं सरकवायची, पाठीवर, चोळीच्या आत. बाजाराला, माहेराला, लेकीच्या बाळंतपणाला, जेव्हा जेव्हा गाडीत बसले तेव्हा. तिला बाहेरचं काही दिसू नये म्हणून. घरात सगळं आधी तिचं होतं. गाडीत तर तिचं नाव होतं, तिनं आधीच सगळं भोगून झालं असणार. मग ते रस्ते, ती झाडं, नीरेचा पूल, एवढं तरी माझ्या एकटीचं असावं.

पुढं गावात साक्षरतेचा वर्ग आला. शाळेच्या ओसरीवर संध्याकाळी आम्ही दहा-बारा बाया पाट्या घेऊन बसायचो. माझी पोरगी तेव्हा लग्नाची झाली होती आणि मी क काढत होते. एक दिवस वर्गातून घरी आले. गाडी दारात उभी होती. मान वर गेली आणि आपोआप वाचलं गेलं, तु-ळ-सा. पाटी आणि पुस्तक सोडून बाहेरच्या जगात मी वाचलेला तो पहिला शब्द. तोवर कुणी सांगितलं तर ते नाव होतं. त्यानंतर ते रोज दारात उभं राहून माझ्याशी बोलायला लागलं. गाडी विकली त्या दिवशी मालक पाठमोरे होऊन रडले. मीही डोळ्याला पदर लावला, पण माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

आणि आता ती परत आली होती. परातीतून.

"हौसा, इकडं ये," मालकांनी हाक मारली. "हात धुऊन ये."

मी गेले. त्यांनी पिवळी बाटली आणि दोन केसांचा ब्रश माझ्यासमोर धरला. "कपाळावर नाव घाल. मला एवढं बारीक दिसत न्हाय. तुझं अक्षर बारीक येतंय."

"कुठलं नाव?"

"जे हुतं ते."

मी ब्रश घेतला नाही. "मला न्हाय यायचं."

"तीन तर अक्षरं हायत. रोज पेपर वाचतीस की मोठ्यानं."

"वाचायला येतं. हे लिवायला न्हाय येत."

त्यांनी वर बघितलं. चष्म्याच्या काचेवर लाल रंगाचा ठिपका पडला होता. "कशापायी फुगलीस?"

"फुगतीय कुठं? भाकरी करपतीय," मी म्हणाले आणि उठले.

भाकरी खरंच करपली होती. तीच त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती सगळी खाल्ली.

दुपारी शेकाची पिशवी कंबरेखाली घेऊन ते झोपले. घोरायला लागले. ट्रक खिडकीत वाळत होता, कोरं कपाळ माझ्याकडं करून. मी भांडी घासली, पुसली, पालथी घातली. परत खिडकीशी गेले. मला वाटलं, मी नाही म्हटलं तर हे जावयाला सांगतील. जावई आला की आनंदानं लिहील, आणि मग मरेपर्यंत ते नाव माझ्या घरात, माझ्या चुलीसमोर. गाडीच तिची दिसली नाही, तर नाव कशावर घालतील? मी पिवळी बाटली उघडली. मोठा ब्रश घेतला. उंबऱ्याला हळद ओढतात तसा केबिनवरून एक हात ओढला.

रंग नीट बसेना. खालचा लाल वर यायला लागला. पिवळा व्हायचा तो नारिंगी झाला, कुठं कुठं ओघळला. मी पुन्हा हात मारला. पुन्हा लाल वर आला. मी आणखी मारला. बोटं भरली, पदराला लागला, खिडकीच्या चौकटीला लागला. जितका झाकावा तितका तो लाल जास्त दिसत होता. घोरणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

"काय चाललंय?"

मी वळले नाही. "रंगवतीय."

"कुणाला इचारून?"

"कुणाला इचारायचं? तिला? सांगा की, टाकाला इचारून घेते!" माझा आवाज एवढा चढला की बाहेर गोदाक्काच्या कोंबड्या दचकल्या. "लुगडं आधी तिला. घास आधी तिला. माझ्या लेकीच्या बारशाचं कुंकू आधी तिला. मी कधी न्हाय म्हटलं? गाडीवर ती. गाडी गेली, म्हटलं सुटले. आता खेळण्यावर बी तीच, आन् तिचं नाव कुणी लिवायचं, तर मी!"

"खेळणं म्हणू नगंस."

"मग काय म्हणू? तिला मिरवलीत, गावोगाव हिंडवलीत, माझ्या वाट्याला काय आलं? तिची बसलेली शीट!"

"कुणाला मिरवली?"

"तुळसाला!"

ते कण्हत कुशीवर वळले आणि कोपरावर रेटून उठून बसले. मला वाटलं आता शिवी येणार. आमच्याकडं रागावले की शिवी यायचीच. पण त्यांनी उशाचा चष्मा चढवला आणि त्या ओघळलेल्या ट्रककडं बघितलं.

"तुळसा गाडीत कधी बसली न्हाय," ते म्हणाले.

"काय?"

"एकदा बी न्हाय. आईचा नेम हुता. नव्या गाडीचं वरीस भरंस्तवर बाईमाणसानं केबिनमधी पाय ठेवायचा न्हाय. वरीस दसऱ्याला भरत हुतं. ती रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसायची. बाहेरनं. काचंला नाक लावून आत बघायची. म्हणायची, दसऱ्याला मला जेजुरीला न्या, फुडं बसवून. मी म्हणायचो, नेतो. गौरी-गणपतीत गेली."

बाहेर कोंबड्या पुन्हा माती उकरायला लागल्या होत्या.

"मग कपाळावर नाव?" मी विचारलं.

"आधी म्हाळसाकांत हुतं. ती गेल्यावर खोडलं आन् तिचं घातलं. म्हटलं, ती बसली न्हाय, निदान नाव तरी हिंडंल."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"तू इचारलंस कवा?"

खरं होतं. मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिचं नाव तोंडातून काढावं लागलं असतं.

"आन् मला कसं बसवलंत? लगीन लागल्या लागल्या?"

"आईचं ऐकलं न्हाय," ते म्हणाले. "ती म्हणत हुती, हिला हौद्यात बायांच्यात बसवा. मी म्हटलं, फुडंच बसंल. भांडान झालं आमचं मांडवातच. तुला ठावं न्हाय."

माझा पिवळा हात गळ्याकडं गेला. टाक जागेवरच होता. जेवढ्या वेळा त्या केबिनमध्ये बसले तेवढ्या वेळा मी त्याला पाठीमागं सरकवलं होतं. ती काचेला नाक लावून बाहेर उभी राहिली होती. आणि मी तिला आत नेलं ते पाठीवर, चोळीत कोंबून. सगळं तिला आधी दाखवलं होतं, तेवढं एक सोडून. मालकांना मी यातलं काही सांगितलं नाही. पुढंही कधी सांगितलं नाही.

"हे असं न्हाय बसायचं," ते ट्रककडं बघून म्हणाले. "लालावर पिवळा बसत न्हाय. आधी सगळं पुसून पांढऱ्याचा हात मारायला लागतो. वाळू द्यायचा. मग पिवळा."

"मग काय करू?"

"पांढरी बाटली काढ. ती न्हवं, ती बुटकी."

मी काढली. त्यांनी ट्रक हातात घेतला आणि चिंधीनं माझा पिवळा पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "पिवळीच करायची?"

"व्हय."

"लगनाच्या गाडीगत दिसंल."

"दिसू द्या."

पांढरा हात त्यांनी मारला. पिवळा मी मारला, ते सांगत होते तसा, एका बाजूनं, ब्रश न उचलता. हौदा मात्र हिरवाच ठेवला. वाळायला ट्रक उन्हात ठेवला की ते बाजेवरून ओरडायचे, "कोंबडी बघ! कोंबडी!" आणि मी हातातलं टाकून धावायची. आमच्या त्या घरात बऱ्याच दिवसांनी असा आरडाओरडा होत होता. गोदाक्का एकदा कुंपणावरून म्हणाली, "अगं, पोरगं झालंय का काय तुमच्यात?"

शेवटी आरसा तेवढा राहिला. तो त्यांनी डाव्या दाराशी चिकटवला आणि परात बाजूला सारली. खिडकीत ट्रक ठेवला. हळदीसारखी केबिन, हिरवा हौदा, लांब परदेशी नाक, आणि स्टेरिंग आपल्या बाजूला. असा ट्रक कुठल्याच रस्त्याला कधी धावला नसेल.

"कपाळ?" त्यांनी विचारलं. या वेळी ब्रश पुढं केला नाही.

"कोरं राहू द्या."

"बरं."

मी हात धुतले. देवापुढं उभी राहिले आणि गळ्यातली दोरी वर ओढली. टाक फक्त दिवाळीला राखेनं घासायला काढायची, तेवढाच. तो काढला की मान उघडी पडल्यासारखी वाटायची, आत्याबाई जाऊन इतकी वर्षं झाली तरी कुणीतरी ओरडेल असं वाटायचं. दोरी सोडवली. चांदीचा तुकडा तळहातावर घेतला. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडं असं धरून बघितलं नव्हतं. डोळे म्हणजे दोन ठिपके, हात जोडलेले, पदराची एक रेघ. माझ्या कातडीला घासून नाक पार झिजलं होतं.

मी खिडकीशी गेले. ट्रकचं डावं दार बोटानं उघडलं आणि तिला सीटवर बसवली, तोंड काचेकडं करून. तंतोतंत बसली. समोर खिडकीतून आमची गल्ली दिसत होती, गोदाक्काचं कुंपण, पलीकडं लोणंदचा रस्ता.

मालकांनी चष्मा सारखा केला. माझ्या गळ्याकडं बघितलं, मग ट्रककडं.

"टाक कुठाय?"

"गाडीत बसलाय."

ते बाजेवरून उतरले. एका हातानं भिंत धरत, कण्हत, एकेक पाऊल टाकत खिडकीशी आले. मी हात पुढं केला तर त्यांनी झिडकारला. वाकता येत नव्हतं तरी वाकले आणि काचेतून आत बघितलं. किती तरी वेळ बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. हा माणूस माझ्याकडं असं कधी बघत नव्हता, लग्नात नाही, लेक झाली तेव्हाही नाही. वाटलं, दोन बोटं घालावीत, तिला बाहेर काढावी आणि पुन्हा गळ्यात अडकवावी. तिथं निदान ती माझ्या ताब्यात होती.

मग त्यांनी तर्जनीनं ते इवलं दार अलगद लावलं.

"दार धरून बस," ते म्हणाले. "वळणावर उघडतं."

ते माझ्याशी बोलत नव्हते.

ते वाक्य माझं होतं. एवढी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, गोदाक्काला नाही, लेकीला नाही. त्यांनी ते उचलून तिला दिलं होतं, आणि त्यांना कळलंही नव्हतं की कुणाचं उचललं.

मी पुढं झाले. त्यांचं बोट बाजूला सारून दार परत उघडलं. मालक घाबरून म्हणाले, "हौसा, असू दे तिला—"

"असू देतीय." मी टाकाला बोटानं आत सरकवलं, दारापासून लांब, मधे, स्टेरिंगच्या जवळ. दाराशी जागा मोकळी राहिली. "तिला मधी बसू द्या. दार मी धरते."